आपल्या कारखान्याचा माल: हैदराबादेतील कंपनीनिष्ठेचा इतिहास

रेडिओ, फ्रिज, मनगटी घड्याळ, दूरचित्रवाणी संच आणि अलीकडे मोबाइल अशा घरगुती यंत्रांच्या इतिहासात कारखानदारांना आणि संशोधकांना पुष्कळ जागा मिळते. परंतु ती यंत्रे विकत घेणाऱ्यांनी त्यांच्यावरून जे वाद घातले, एका कंपनीची बाजू उचलून धरताना दुसरीला जी नावे ठेवली, त्यांची दखल सहसा घेतली जात नाही. हैदराबादच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरात वापरायच्या यंत्रांपैकी बरीचशी या शहरातच तयार होत होती आणि ती तयार करणारे लोक वापरणाऱ्यांच्या शेजारीच राहत होते, असा योग देशातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला. त्यातून उपजलेली निष्ठा जाहिरातीने घडवलेल्या निष्ठेहून मुळातच निराळी होती. पगार, वसाहत आणि दुरुस्ती या तीन गोष्टींचा तिला आधार होता, आणि हे आधार निखळले तेव्हा ती दशकभरातच विरून गेली.

वादाला आरंभ रेडिओपासून झाला असे मानण्यास हरकत नाही. हैदराबादेत १९३३ साली खासगी प्रयत्नातून सुरू झालेले नभोवाणी केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये ताब्यात घेतले आणि त्यावरून उर्दूबरोबर तेलुगू, मराठी व कन्नड या संस्थानातील भाषांत कार्यक्रम होऊ लागले. पुढे औरंगाबादेसही संस्थानाचे एक केंद्र निघाले, आणि १ एप्रिल १९५० रोजी दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे सोपवण्यात आली. त्या काळातील रेडिओ व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे असत. ते तापायला मिनिटभर लागे आणि मग आवाज येई. संच घेणे ही मोठ्या खर्चाची बाब होती, शिवाय दरवर्षी टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे, त्यामुळे ज्याच्या घरी रेडिओ असे त्याला आपल्या निवडीचे समर्थन करणे भागच पडे. फिलिप्स, मर्फी, बुश, एचएमव्ही आणि नॅशनल एको ही नावे तेव्हा घरोघरी ठाऊक होती, आणि त्यांपैकी मर्फीचा कारखाना ठाण्यास व फिलिप्सचा लोणी काळभोरला असल्यामुळे ज्यांचे सोयरेधायरे मुंबई-पुण्याकडे होते अशा सुलतान बाजार वा काचीगुडा भागातील मराठी घरांना या नावांबद्दल थोडी आपुलकी वाटली असल्यास नवल नाही.

या वादाला खरी धार आणली ती एका सरकारी निर्णयाने. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणामी श्रोते लघुलहरींवरून, म्हणजे शॉर्टवेव्हवरून, रेडिओ सिलोनकडे वळले. आता संच चांगला की वाईट याची कसोटी एकच उरली, ती म्हणजे बुधवारी रात्री बिनाका गीतमाला खरखरीशिवाय ऐकू येते की नाही. लघुलहरी दूरवर पोचतात, पण वातावरणाच्या लहरीप्रमाणे त्यांचा जोर कमीजास्त होतो, त्यामुळे एकच संच एका रात्री स्पष्ट बोले आणि दुसऱ्या रात्री घोगरा होई. हा दोष हवेचा, पण तो कंपनीच्या माथी मारला जाई. मर्फीवाले फिलिप्सवर आणि फिलिप्सवाले मर्फीवर जो विजय मिळवत, तो पुष्कळदा छपरावर किती लांब तार ताणली आहे यावरच ठरत असणार. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली आणि या कसोटीचे महत्त्व हळूहळू कमी झाले. रेडिओ मात्र हैदराबादचा नव्हता. त्याची बाजू घेणाऱ्याला तो बनवणारा माणूस कधी भेटलेला नसे, ही या टप्प्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

ती मर्यादा ऑल्विनने ओलांडली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९२९ साली संस्थान सरकारने औद्योगिक विश्वस्त निधी उभारला होता. सरकारी भांडवल घालून नव्या उद्योगांचे भाग विकत घ्यावेत आणि त्यांना कर्ज द्यावे, हा त्याचा हेतू होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या काळी याच संस्थानात होते, तेव्हा या निधीत त्यांच्याही महसुलाचा वाटा होता आणि म्हणून ऑल्विनचा इतिहास मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १९४२ मध्ये या निधीच्या आणि अल्लाउद्दीन आणि कंपनी या पेढीच्या भागीदारीत हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्सची स्थापना झाली. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बस वाहतूक सुरू केली होती. अशा गाड्यांचे सांगाडे बांधणे हे ऑल्विनच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते, आणि शहराच्या रस्त्यांवरून दीर्घकाळ धावलेल्या दुमजली बसगाड्यांचाही तिच्याशी संबंध होता. पोलादी कपाटे, खुर्च्या, पलंग असा माल त्यामागोमाग आला. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये त्याचे तीन भाषिक तुकडे तीन राज्यांत गेले, आणि सनतनगरची ही कंपनी कालांतराने आंध्र प्रदेश शासनाच्या नियंत्रणाखाली आली.

घरोघरी ऑल्विनचे नाव पोचले ते फ्रिजमुळे. गोदरेजने १९५८ साली विक्रोळीत भारतीय बनावटीचा फ्रिज तयार केला, फरिदाबादच्या केल्विनेटरने उत्तरेत जम बसवला आणि दक्षिणेत ऑल्विनचा दबदबा निर्माण झाला. हे परवाना-राजचे दिवस होते: किती नग बनवायचे याची मर्यादा सरकार ठरवून देई, परदेशी माल जवळजवळ येतच नसे, आणि फ्रिज ही चैनीची वस्तू समजून तिच्यावर जबर उत्पादन शुल्क आकारले जाई. अशा बाजारात गिऱ्हाइकापुढे चार-पाच नावांपलीकडे निवड नव्हती, आणि एकदा घेतलेला फ्रिज दोन-तीन दशके वापरायचा हे गृहीतच होते. निवडीस वाव थोडा असला की तिच्याविषयीचा अभिमान कमी असावा असे वाटते, पण घडले नेमके उलटे. आयुष्यात एकदाच घ्यायच्या वस्तूबाबत चूक झाली असे कबूल करणे कोणालाच परवडत नव्हते.

ऑल्विनच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद यंत्रशास्त्राचा कमी आणि नात्याचा अधिक होता. सनतनगर, बाळानगर, मूसापेट, कुकटपल्ली या पश्चिम हैदराबादच्या पट्ट्यात कारखान्यांचे कामगार मोठ्या संख्येने राहत, आणि ऑल्विन कॉलनी, ऑल्विन चौरस्ता अशी नावे त्या वस्त्यांना चिकटली. ज्या घरातील कोणी ना कोणी कारखान्यात दाराच्या पत्र्याला आकार देण्याचे किंवा रंगाच्या विभागात काम करत असे, त्या घरात विक्रोळीचा वा फरिदाबादचा फ्रिज आणणे हा चमत्कारिक प्रकार ठरला असता. शिवाय बिघाड झाला, गॅस गळला किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक थंडाव्यावर यंत्र आपोआप बंद-चालू करणारी कळ, निकामी झाली, तर सेवा केंद्रात खेटे घालण्याऐवजी शेजारच्या गल्लीतील माणसाला हाक मारता येई. परक्या कंपनीच्या फ्रिजवरचा सगळ्यात जोरकस आक्षेप ‘याचा माणूस कुठून आणणार?’ हाच असे. हा आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही. सुटे भाग मिळण्याची मारामार असलेल्या काळात दुरुस्तीची हमी हाच मालाचा पहिला गुण होता.

या निष्ठेत एक गंमतही होती. फ्रिजचे हृदय म्हणजे कॉम्प्रेसर, शीतक वायू दाबून फिरवणारा बंदिस्त पंप. तो बनवणे अवघड असल्यामुळे सगळ्याच फ्रिज कंपन्या तो स्वतः बनवत नसत. असे कॉम्प्रेसर बनवणाऱ्या देशातील मोजक्या कारखान्यांपैकी एक, श्रीराम रेफ्रिजरेशन इंडस्ट्रीज, हैदराबादच्याच बाळानगरात होता आणि १९९०च्या दशकात तो अमेरिकेच्या टेकमसेह कंपनीने घेतला. दूरचित्रवाणीतही तीच तऱ्हा होती, कारण कृष्णधवल संचांच्या पिक्चर ट्यूब पुरवणारे कारखाने देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांत बंगळूरची सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स प्रमुख होती. दारावरच्या पितळी नावासाठी हमरीतुमरीवर येणाऱ्यांच्या दोन यंत्रांच्या पोटात एकाच कारखान्याचा माल असण्याची शक्यता चांगलीच होती. ही गोष्ट कारखान्यातील कामगारांना ठाऊक असणार आणि तरीही वाद थांबला नाही, यावरून तो वाद यंत्राविषयी फारसा नव्हताच असे अनुमान काढता येते.

घड्याळांच्या बाबतीत शहरात दोन निष्ठा समोरासमोर आल्या. बंगळूरच्या सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने मनगटी घड्याळे बनवण्यास आरंभ केला आणि पुढची दोन दशके भारतीय मनगटावर जवळजवळ एकछत्री राज्य केले. मुंज, दहावीतील यश, पहिली नोकरी, जावयाचा मानपान अशा प्रसंगी एचएमटीचे घड्याळ देणे मराठी घरांतही रूढ झाले. एचएमटीचा यंत्रहत्यारांचा कारखाना हैदराबादेतही होता, त्यामुळे चिंतल भागातील त्याच्या कामगारांना एचएमटी ही आपलीच वाटे, मग घड्याळे बंगळूरला बनत असली तरी. १९८०च्या दशकाच्या आरंभी ऑल्विनने सेइको या दुसऱ्या जपानी कंपनीशी करार करून घड्याळांच्या धंद्यात उडी घेतली, आणि जपानमधील सिटिझन व सेइको यांची जुनी स्पर्धा काही किलोमीटरच्या अंतरावरील दोन कामगार वस्त्यांत उतरली. किल्लीचे घड्याळ बरे की हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे स्वयंचलित बरे, जाडी किती, काच चरते का, दिवसाला किती सेकंद पुढे जाते, असे बारकावे या वादात निघत. घरगुती यंत्रांवरील सगळ्या वादांत हा वाद सर्वांत जाणकार म्हणावा लागेल, कारण त्यात भाग घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा उदरनिर्वाह मिलिमीटरच्या अंशांत मोजमाप करण्यावर चाले.

निकाल मात्र दोघांपैकी कोणाच्याच बाजूने लागला नाही. टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये स्थापलेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून १९८७ च्या सुमारास क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली. क्वार्ट्झ म्हणजे गारेचा स्फटिक. बॅटरीच्या विजेवर तो ठरावीक वेगाने कंप पावतो आणि त्या कंपनांवर घड्याळ चालते, त्यामुळे किल्ली देण्याची गरज उरत नाही आणि वेळ कितीतरी अचूक राहते. दुकानांची सजावट, सोनेरी पट्टे आणि भेटवस्तू म्हणून केलेला प्रचार यांच्या जोरावर टायटनने घड्याळाला दागिन्याच्या पंक्तीत नेऊन बसवले. ऑल्विनचा घड्याळ विभाग १९९०च्या दशकात बंद पडला. एचएमटीची घड्याळे रेंगाळत २०१६ पर्यंत टिकली, त्या वर्षी सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही वस्त्यांतील जाणकारांनी यंत्राच्या गुणावर जो काथ्याकूट केला, त्याला नव्या गिऱ्हाइकाच्या लेखी काही मोल नव्हते.

दूरचित्रवाणीची कथा शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येस घडली. मुंबईजवळ तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्रातील इलेक्ट्रॉनिक्स विभागातून ११ एप्रिल १९६७ रोजी इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, ही सरकारी कंपनी जन्मली आणि तिचे बस्तान हैदराबादेत बसले. होमी भाभांचे सहकारी डॉ. अय्यगारी सांबशिव राव हे तिचे संस्थापक प्रमुख. त्यांच्या नावाने वसलेले ए. एस. राव नगर आणि शेजारचा ईसीआयएल चौरस्ता ही आज शहरातील गजबजलेली ठिकाणे आहेत. अणुभट्ट्यांची नियंत्रणे, देशी बनावटीचे संगणक आणि उपग्रहांशी संपर्क साधणारे महाकाय अँटेना बनवणाऱ्या या कंपनीने घरगुती दूरचित्रवाणी संचही बनवावेत, हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला देशी दूरचित्रवाणी संच बनवल्याचे श्रेय तिच्याकडे जाते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा गावोगावच्या चावडीत व शाळेत बसवलेले संच ईसीआयएलने तयार केले होते. खेड्यातील माणसाने, त्यातही आंध्रच्या खेड्यातील माणसाने, पहिल्यांदा पाहिलेला टीव्ही हैदराबादचा होता.

शहराला स्वतःचे दूरदर्शन केंद्र १९७७ मध्ये मिळाले आणि ईसीआयएलच्या संचांचे ईसी टीव्ही हे नाव मध्यमवर्गात रुळले. लाकडी पेटी, सरकते दार, चार पाय, वर कापडी झालर अशा थाटात हा संच दिवाणखान्यात विराजमान होई आणि त्यासाठीही टपाल कचेरीतून वर्षाला ५० रुपयांचा परवाना काढावा लागे. स्पर्धकांची वाण नव्हती: सरकारने हा धंदा लहान उद्योगांना मोकळा ठेवल्यामुळे वेस्टन, क्राउन, डायनोरा, सॉलिडेअर, तसेच केरळचे केल्ट्रॉन, उत्तर प्रदेशचे अपट्रॉन आणि महाराष्ट्राचे मेल्ट्रॉन अशी राज्यांची स्वतःची नावेही बाजारात होती, आणि प्रत्येक राज्य आपापल्या नावामागे उभे राहू पाहत होते. ईसीच्या समर्थकांचे म्हणणे असे की अणुभट्टीची यंत्रे बनवणारे लोक टीव्हीत हयगय करणार नाहीत. विरोधकांचे उत्तर असे की नेमके त्याचमुळे त्यांचा टीव्ही प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखा जड आणि रूक्ष दिसतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. चित्रात मुंग्या आल्या की पुन्हा वाद अँटेनाच्या दिशेवर जाई, आणि कंपनीतला कोणी परिचित तंत्रज्ञ रविवारी छपरावर चढून ती दिशा ठीक करी. ईसीच्या निष्ठेचा खरा खांब हा तंत्रज्ञ होता, असे म्हणण्यास जागा आहे.

याच काळात जुन्या शहरात एक वेगळी निष्ठा वाढत होती, आणि तिचा उल्लेख केल्याखेरीज हा इतिहास एकांगी होईल. १९७०च्या दशकात तेलाच्या किमती वाढल्यावर हैदराबादेतून, विशेषतः जुन्या शहरातील मुस्लिम वस्त्यांतून, हजारो तरुण सौदी अरेबिया, कुवेत, दुबई येथे कामाला गेले. चांद्रायणगुट्ट्याजवळील बारकस ही निजामाच्या अरब सैनिकांच्या वंशजांची वस्ती तर आधीपासूनच त्या देशांशी नात्याने जोडलेली होती. सुटीवर परतताना हे लोक सोनी, आकाई, नॅशनल पॅनासॉनिक अशा जपानी कंपन्यांचे टेपरेकॉर्डर, टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेले संच, आणि पुढे रंगीत टीव्ही आणू लागले. हा माल स्थानिक मालापेक्षा देखणा आणि सरस होता यात वाद नाही. वाद होता तो इथे चालण्याविषयी. रंगीत चित्राचे संकेत पाठवण्याच्या तीन पद्धती जगात होत्या, त्यांपैकी भारताने १९८२ मध्ये पाल ही पद्धत पत्करली, तर सौदी अरेबियात सेकॅम ही फ्रेंच पद्धत होती. त्यामुळे तिकडे घेतलेला साधा संच इथे चित्र दाखवी, पण रंग दाखवीलच असे नाही. ज्याने अनेक पद्धती ओळखणारा महागडा संच आणला तो सुखी, बाकीच्यांनी कोठीच्या आसपास कारागीर शोधावा. सनतनगरच्या कामगाराला आपल्या हातच्या मालाचा जसा अभिमान होता, तसाच आखातातून आलेल्याला आपल्या कमाईच्या खुणेचा होता, आणि त्या खुणेवर जपानी अक्षरे असल्याने तिची किंमत घटत नव्हती, उलट वाढत होती.

देशी कंपन्यांचा पाडाव बाहेरून नव्हे, आधी आतूनच झाला. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ओनिडाने गोपी कुकडे यांच्या कल्पनेतील शिंगे-शेपटीवाल्या सैतानाला जाहिरातीत आणून शेजाऱ्याच्या मत्सरालाच विक्रीचे साधन बनवले. जी चढाओढ आतापर्यंत गल्लीत आपोआप चाले, तिला एका कंपनीने प्रथमच वेतनावर ठेवले असे म्हटले तर चूक होणार नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने कमी किमतीचे रंगीत संच देशभर पोचवले. एकेकाळी निजामी राज्याचा सुभा असलेल्या औरंगाबादच्या कंपनीने निजामी राजधानीतील सरकारी कंपनीला दिवाणखान्यातून हुसकावले, हा या इतिहासातला सर्वांत अनपेक्षित उलटफेर. ईसीआयएलने घरगुती संचांतून अंग काढून घेतले आणि मतदान यंत्रे, संरक्षण व अणुऊर्जा यांच्या कामावर भर दिला. १९९१ नंतर परदेशी व्यापारनावांवरील निर्बंध सैल झाले, दक्षिण कोरियाच्या कंपन्या आल्या, आणि राज्य शासनाने ऑल्विनचा तोटा सोसण्याचे थांबवले.

ऑल्विनच्या नावाचे पुढे जे झाले ते निष्ठावंतांना चक्रावून टाकणारे आहे. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात कंपनीचा फ्रिज व्यवसाय टाटा समूहाच्या व्होल्टासकडे गेला. त्यानंतर ऑल्विन हे नाव स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे पोचले, ज्या कंपनीकडे भारतातील केल्विनेटर हे नावही होते. आणि २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा भारतातील व्यवसाय व्हिडिओकॉनने घेतला. ज्या दोन नावांसाठी उत्तर आणि दक्षिणेतील घरे एकमेकांना नाके मुरडत होती, ती दोन्ही एकाच मालकाच्या खतावणीत जमा झाली, आणि तो मालकही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला.

एकविसाव्या शतकात शहरात पुन्हा यंत्रांवरून वाद होऊ लागले, पण त्यांचा भूगोल बदलला. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये हैदराबादेत विकासकेंद्र काढले, त्याच वर्षी सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, २०१६ मध्ये अ‍ॅपलने नकाशांच्या कामासाठी कार्यालय उघडले, आणि चिनी वनप्लसने २०१९ मध्ये संशोधनकेंद्र सुरू करून पुढे हिमायतनगरातील आपल्या भव्य दालनाला निजाम पॅलेस असे नाव दिले. मधल्या काळात सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाचे सुटे भाग आणि आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये मोबाइल यांचे बाजार भरले. तिथल्या दुकानदारांइतका कंपन्यांविषयी निःपक्षपाती माणूस शहरात दुसरा सापडणे कठीण, कारण त्यांना सगळ्यांचेच पोट उघडून पाहायला मिळते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेले सत्या नडेला हैदराबादचे, बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी. आणि नोकियाकडून घेतलेला फोनचा व्यवसाय २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलरचे नुकसान दाखवून गुंडाळण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. मायक्रोसॉफ्टच्या गच्चीबावलीतील ज्या अभियंत्यांनी खिशात कंपनीचा विंडोज फोन बाळगला, त्यांची कंपनीनिष्ठा त्यांच्याच गावच्या माणसाने संपुष्टात आणली. यात त्याचा दोष नव्हता. त्या फोनला बाजारात गिऱ्हाईक नव्हते.

शहराची स्वतःची म्हणावी अशी फोन कंपनीही होऊन गेली. २००९ मध्ये निघालेल्या सेल्कॉनने स्वस्त फोन विकून दक्षिणेत नाव कमावले आणि २०१५ मध्ये मेडचल येथे जुळणीचा कारखाना काढला. परंतु ऑल्विनला जी माया मिळाली ती तिला मिळाली नाही. कारणे उघड आहेत. भाग परदेशातून येत, नमुने सहा महिन्यांत बदलत, दुरुस्तीपेक्षा नवा फोन परवडे, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने ४जी फोनची मागणी एकाएकी उसळली तेव्हा चिनी कंपन्यांची तयारी अधिक होती. स्थानिक असणे एवढ्याने निष्ठा मिळत नाही, हे सेल्कॉनच्या उदाहरणावरून दिसते. यंत्र बनवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा आणि वापरणारा ही माणसे एकमेकांना ओळखत असावी लागतात. ऑल्विन आणि ईसीच्या काळात ती ओळखत होती, आणि त्या ओळखीमागे संरक्षित बाजारपेठ, अपुरा पुरवठा आणि सरकारी तोटा ही किंमत होती, हेही तितकेच खरे. तो काळ सुखाचा होता असे म्हणणे म्हणजे फ्रिजसाठी चाललेली वर्षानुवर्षांची काटकसर विसरणे होय.

आज हैदराबादच्या दक्षिणेस कोंगर कलान येथे फॉक्सकॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅपलचे एअरपॉड्स, म्हणजे कानात घालायचे बिनतारी श्रवणसंच, २०२५ पासून तयार होतात आणि त्यांचा भर निर्यातीवर आहे. त्याच शहरातील ग्राहक कोणत्या कंपनीचा फोन सरस यावर हिरिरीने भांडतात, पण कोंगर कलानच्या कामगाराला त्या वादात साक्षीदार म्हणून कोणी बोलावत नाही.